चेकबुकाचें खातें आणि कास्तकार

बँकेंत नुसतें पासबुकाचें खातें पुरे, कीं चेकबुकासह देवघेवीचें खातें ठेवावें, आणि ठेवलें तर त्यापासून कास्तकाराचें हित किती व अहित किती, असा प्रश्न हिंगणी व आसपासच्या गांवांतील आमच्या सभासदबंधूंनीं आमच्याकडे वेळोवेळीं केला आहे. प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. कापसाचे चुकारे पूर्वीं धोतराच्या सोग्यांत बांधून घरीं येत. आतां ते खात्यांत जाऊन बसतात. आणि तेथून घरापर्यंत त्यांतले किती पोहोंचतात, हें खातें कोठें आहे, कोणाच्या नांवें आहे व त्याच बँकेचें आपणांकडे कांहीं येणें आहे कीं काय, यावर अवलंबून राहूं लागलें आहे. सबब या विषयावर आमचें मत आम्ही जरा विस्तारानें मांडतों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘चालू खातें’ आणि ‘बचत खातें’ या दोन निराळ्या गोष्टी होत. चालू खातें व्यापाऱ्यासाठीं आहे. त्यांत दिवसाला कितीही वेळां पैसे भरतां-काढतां येतात, परंतु त्यावर व्याज मिळत नाहीं आणि बहुधा बरीच मोठी रक्कम सदैव शिल्लक ठेवावी लागते. अमेरिकेसारख्या देशांत घरखर्चाचे चेक काढण्यासाठीं एक वेगळेंच खातें असतें व त्यावर व्याज नसतें किंवा नांवापुरतें असतें. आपल्याकडे तें काम चेकबुक घेतलेलें बचत खातेंच करतें. ज्यांचें स्वतःचें कृषी केंद्र आहे किंवा जे मालाची आडत करतात त्यांची गोष्ट वेगळी. केवळ शेतीवर असणाऱ्या गृहस्थानें चालू खात्याच्या नादीं लागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुढील विवेचनांत ‘खातें’ म्हणजे चेकबुकाचें बचत खातें असें समजावें.

चेक ही वस्तु आपल्या मुलखास अगदींच परकी आहे असें नाहीं. कापसाच्या व्यापारांत दर्शनी हुंडी व मुदती हुंडी पिढ्यान्‌पिढ्या चालत होत्या, आणि १८८१ सालीं परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला तेव्हां त्यानें देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक चालीरीतींस हात लावला नाहीं. मात्र हुंडी व्यापाऱ्याच्या घरची होती. कास्तकाराच्या हातीं ती क्वचित् येई. कास्तकाराचा बँकेशीं संबंधच नव्हता म्हटलें तरी चालेल. १९५१-५२ सालीं ग्रामीण पतपुरवठ्याची जी अखिल भारतीय पाहणी झाली तींत शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जापैकीं सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा ३.१ व व्यापारी बँकांचा शेंकडा एकाहूनही कमी आढळला. बाकी बहुतेक सारें सावकाराचें. पुढें १९६९ सालीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आलें, २०१४ च्या ऑगस्टांत जनधन योजना सुरू झाली, आणि आज आमच्या भागांत खातें नाहीं असें घर शोधून काढावें लागेल. खातें तर झालें. तें वापरण्याची विद्या मात्र खात्याबरोबर आली नाहीं.

हिताची बाजू आधीं पाहूं. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये ठरला. त्या भावानें २५ क्विंटल कापूस घातला तर २,०२,७५० रुपये होतात. आयकराच्या कायद्यानें २०१७ सालापासून एका व्यवहारांत दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास मनाई केली आहे, आणि यांतील दंड देणाऱ्यास नव्हे, घेणाऱ्यास आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणजे पंचवीस क्विंटलांचा कास्तकारही आज खात्यावांचून माल विकूं शकत नाहीं. कापूस महामंडळाचा चुकारा तर आधारास जोडलेल्या खात्यांतच येतो. पीकविमा, किसान सन्मानाचे हप्ते, अतिवृष्टीची मदत, सारें तेथेंच. बोरचें अभयारण्य २०१४ सालीं व्याघ्र प्रकल्प झालें. त्याच्या कडेला ज्यांचीं वावरें आहेत त्यांना रानडुकरें व रोही यांनीं केलेल्या नासाडीची जी कांहीं भरपाई मिळते, तीही खात्यांतच जमा होते.

परंतु आमच्या दृष्टीनें खात्याचा सर्वांत मोठा गुण पुराव्याचा आहे. रोखीनें विकलेल्या मालाचा साक्षीदार कोण? अडत्याची चिठ्ठी पावसांत भिजते, व्यापाऱ्याची वही व्यापाऱ्याच्या घरीं असते. खात्यांतील नोंद मात्र दोघांच्याही हाताबाहेर असते. भावांच्या वाटणींत, जमिनीच्या इसाराच्या भांडणांत, सोयाबीनचे पैसे दिले कीं नाहीं या वादांत पासबुकाचें एक पान दहा शपथांहून अधिक कामीं येतें. ज्यांनीं कोर्ट पाहिलें आहे ते आमचें म्हणणें मान्य करतील. कोणी म्हणेल, हल्लीं फोनवरून पैसे देतां येतात, मग चेक कशाला? ठीक आहे, लहान रकमांना तो मार्ग सोपा आहे व त्याचीही नोंद राहते. पण त्यास सामान्यतः दिवसाला एक लाखाची मर्यादा आहे, आणि जमिनीच्या व बैलजोडीपासून ट्रॅक्टरपर्यंतच्या खरेदींत समोरचा मनुष्य आजही चेकच मागतो.

आतां व्यापाऱ्यानें आपणांस दिलेला चेक. २०१६ च्या नोव्हेंबरांत मोठ्या नोटा रद्द झाल्यावर अनेक बाजारांत शेतकऱ्यांच्या हातांत रोख रकमेऐवजीं चेक पडले, आणि ते वटण्यास लागलेले आठवडे व परत आलेले चेक हें त्या हंगामांतलें दुःख अद्याप विसरण्याजोगें नाहीं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर चेक वटविण्याची नवी रीत सुरू झाली असल्यानें आतां तो विलंब पुष्कळ कमी झाला आहे. चेक न वटण्याचें भय मात्र राहतेंच. त्यासाठीं कायदा आहे: १८८१ च्या कायद्यांत १३८ वें कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू झालें. त्यान्वयें पैसे नसतां चेक देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु कायद्याचें घड्याळ चेक परत आल्याचें बँकेकडून कळतांच चालूं लागतें. त्या दिवसापासून तीस दिवसांच्या आंत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर देणाऱ्यास पंधरा दिवस मिळतात. त्यांत त्यानें पैसे न दिल्यास पुढील एका महिन्यांत फिर्याद झाली पाहिजे. आणि मुळांत चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आंत बँकेंत गेला पाहिजे. आमचे बंधु येथेंच फसतात. ‘पाटील, पुढच्या बाजारीं देतों, चेक घालूं नका,’ असें व्यापारी गोड बोलतो, भीड पडते, तीन महिने निघून जातात, आणि हातीं राहतो तो कागदाचा तुकडा. भीड राखावयाची असेल तर नव्या तारखेचा नवा चेक मागून घ्यावा. इतकें सांगण्यास कोणाचीही भीड आड येऊं नये.

याच कायद्याचें दुसरें टोंक मात्र आपल्याच अंगावर येतें, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तें आहे. मृगाच्या तोंडावर बी-खताची उधारी करतांना दुकानदार सही केलेला कोरा चेक मागतो, आणि कास्तकार तो देतो. एक नव्हे, कधीं दोन, कधीं तीन. खासगी सावकार तर कोऱ्या चेकावांचून बोलतच नाहीं. चेकबुक घेतल्यापासून ज्यानें त्यांतील एकही पान पैसे देण्याकरितां वापरलें नाहीं, सारीं पानें तारण म्हणूनच गेलीं, असेही गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

आमच्या परिचयाचे एक सभासद बोर नदीच्या काठीं नऊ एकर वाहतात. त्यांनीं एका हंगामांत ३८,००० रुपयांची उधारी केली व दोन कोरे चेक सही करून दिले. सोयाबीन निघाल्यावर रक्कम रोख चुकती केली. पावती घेतली नाहीं, चेकही परत मागितले नाहींत. ‘फाडून टाकतों’ म्हटलें तें त्यांना पुरेसें वाटलें. दुसऱ्या वर्षीं बियाणें उगवलें नाहीं म्हणून दोघांत वांकडें आलें, आणि चार महिन्यांनीं त्यांतल्या एका चेकावर १,९०,००० रुपयांचा आंकडा लिहून तो बँकेंत घातला गेला. नोटीस आली ती बँकेचा कांहीं कागद समजून त्यांनीं देवळीच्या कोनाड्यांत ठेवून दिली. उत्तर गेलें नाहीं. मग समन्स आलें. दोन वर्षें तारखांच्या फेऱ्या केल्यावर शेवटीं मूळ उधारीच्या दुपटीहून अधिक रक्कम देऊन तडजोड झाली, आणि वकिलाची फी वेगळी. एकदां फिटलेली उधारी त्यांनीं पुन्हां दुपटीनें फेडली.

यावर कोणी म्हणेल कीं, कोर्टानें अक्षर पाहावयास हवें होतें. सही एकाची व आंकडा दुसऱ्याचा, हें उघड दिसत होतें. दुर्दैवानें कायदा तसा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, स्वखुषीनें सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्यानें भरला तरी तो देण्यापोटींच दिला असें गृहीत धरलें जाईल, आणि तसें नव्हतें हें दाखविण्याचा भार सही करणाऱ्यावर राहील. म्हणजे आपल्या शत्रूच्या हातीं आपणच लेखणी देतों. बँकेस ‘हा चेक वटवूं नका’ असें कळविलें म्हणजे फिर्याद टळते, हाही समज खरा नाहीं. सावकारी कायद्यानें कोऱ्या जागा ठेवलेले दस्तऐवज घेण्यास सावकारास मनाई केली आहे खरी. पण तो बचाव कोर्टांत मांडण्याची वेळ येते तेव्हां कास्तकार आधींच अर्धा मेलेला असतो.

यास्तव कोरा चेक कोणासही देऊं नये, मग तो दुकानदार कितीही जुना असो. फारच नड असेल तर चेकावर नांव, आंकडा व तारीख स्वतः लिहावी, वरच्या कोपऱ्यांत दोन तिरप्या रेघा मारून ‘फक्त खात्यांत जमा’ असें लिहावें, त्याचा फोटो काढावा, आणि चेकाचा क्रमांक घालून उधारीच्या रकमेची चिठ्ठी दुकानदाराच्या सहीनें घ्यावी. रक्कम चुकती झाली कीं चेक हातांत घेतल्याखेरीज दुकानाची पायरी उतरूं नये. आणि पोस्टानें आलेली कोणतीही नोटीस वाचून घेतल्याशिवाय कोनाड्यांत ठेवूं नये.

अहिताची दुसरी बाब याहून सूक्ष्म आहे. ज्या बँकेचें पीककर्ज आहे त्याच बँकेंत आपलें बचत खातें असलें, आणि कर्ज थकलें, तर बँक त्या खात्यावर ‘होल्ड’ लावते, म्हणजे पैसे दिसतात पण निघत नाहींत. १८७२ च्या करार कायद्याचें १७१ वें कलम व वजावटीचा हक्क यांचा तीस आधार मिळतो. शेजाऱ्याच्या कर्जास आपण जामीन राहिलों असलों तरी हाच अनुभव येऊं शकतो. बँकेनें आपलें येणें वसूल करूं नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. घेतलेलें कर्ज फेडलेंच पाहिजे. १९७२ सालीं सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेंतही सोसायटीचें कर्ज चुकाऱ्यांतूनच कापून घेतलें जाई, आणि त्याबद्दल लोक कुरकुरत. पण किती कापलें जाणार हें कास्तकारास आधीं कळे. आतां तो मजुरांना वेचणीचे पैसे देण्यासाठीं सेलूस जातो आणि खिडकीवर त्यास कळतें कीं खातें अडविलें आहे. अतिवृष्टीची मदत कर्जखातीं वळवूं नये असे आदेश सरकार काढीत आलें आहे. परंतु आदेश मुंबईहून निघतो व कास्तकार खिडकीवर उभा असतो. या दोहोंमधील अंतर फार आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, पीककर्जाचें खातें एका बँकेंत व नित्याच्या देवघेवीचें खातें दुसऱ्या बँकेंत ठेवावें. हें कर्ज चुकविण्यासाठीं नव्हे. घरांतील दाणा, मजुरी व मुलांची फी यांचे पैसे कोणत्या दिवशीं हातांत येतील हें आपणांस ठाऊक असावें म्हणून. येथें एक खांचखळगा आहे. सरकारी मदत आधारास ज्या बँकेचें खातें शेवटीं जोडलें गेलें असेल तेथें जाते. नवें खातें उघडतांना पुढें केलेल्या कागदांवर न वाचतां सह्या केल्या तर ही जोडणी नकळत बदलते, आणि सन्मान निधीचा हप्ता कोठें गेला म्हणून चार महिने शोध चालतो. सही करतांना ‘आधारची जोडणी करूं नका’ किंवा ‘करा’ हें तोंडानें सांगून, लिहून घ्यावें.

व्याजाबद्दल फार लिहिण्याजोगें नाहीं. जून २०२५ मध्यें स्टेट बँकेनें बचत खात्याचा दर शेंकडा अडीचवर आणला. दोन लाख रुपये जानेवारी ते एप्रिल खात्यांत पडून राहिले तर चार महिन्यांचें व्याज सुमारें १,६६७ रुपये होतें. महागाईच्या मानानें तें नसल्यासारखेंच. पेरणीपर्यंत न लागणारी रक्कम मुदतीच्या ठेवींत घालावी. किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलचा दंड स्टेट बँकेनें २०२० सालीं व इतर कांहीं सरकारी बँकांनीं २०२५ सालीं काढून टाकला आहे. खासगी बँकांत तो विचारूनच खातें उघडावें. चेकबुकाचा आकार, संदेशाचा आकार व परत आलेल्या चेकाचा दंड हे लहान आंकडे वर्षाअखेर पासबुक भरून घेतल्यावर एकदां तरी बोट ठेवून मोजावेत.

बँक कोणती, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यांतील मनुष्यास शिकविण्याची आवश्यकता नाहीं. २०१४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या देशांतील २३ जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रांतील तीन होत्या: नागपूर, बुलढाणा आणि आपली वर्धा. पुढें परवाना मिळाला. पण त्या वर्षांत ज्यांचे पैसे तेथें होते त्यांना त्या काळाचें स्मरण आम्हीं करून द्यावयास नको. यावरून सहकारच वाईट असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. सोसायटीवांचून लहान कास्तकारास पीककर्ज कोणी उंबऱ्यावर आणून दिलें नसतें. पण ठेवीचा विचार वेगळा केला पाहिजे. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेंत प्रत्येक ठेवीदाराच्या व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे, आणि तें सहकारी बँकांसही लागू आहे. पतसंस्था व गांवची सोसायटी यांना मात्र तें नाहीं. अर्धा टक्का व्याज अधिक मिळतें म्हणून मुलीच्या लग्नाचे सहा लाख पतसंस्थेंत ठेवणाऱ्या सभासदांनीं हा फरक लक्षांत घ्यावा.

रोख रकमेचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. वेचणीच्या बाया आठवड्याच्या बाजारीं किलोच्या हिशेबानें नगद मागतात व त्यांनीं मागावी हें योग्यच आहे. सालदारास पाडव्याला कांहीं रक्कम हातावर द्यावी लागते. रात्रीं-बेरात्रीं दुखणें येतें. तेवढी रोख घरीं असावी. किती, याचा आंकडा ज्यानें त्यानें ठरवावा. आमच्या घरीं दोन वेचण्यांच्या मजुरीइतकी रक्कम ठेवण्याची चाल आहे.

शेवटची बाब खातें कोणाच्या नांवें, ही. सर्व खातीं घरच्या कर्त्याच्या एकट्याच्या नांवें असतात, आणि तो गेल्यावर कारभारणीस वारसाच्या दाखल्यासाठीं तहसिलींत व कोर्टांत हिंडावें लागतें. पत्नीच्या स्वतःच्या नांवें एक खातें असावें, तिची सही तिनें करावी, आणि वेचणीच्या मजुरीचा हिशेब बहुधा तीच ठेवीत असल्यानें तो तिच्या खात्यांतून व्हावा. ती जामीन राहिली नसेल तर नवऱ्याच्या थकबाकीसाठीं तिचें खातें अडवितां येत नाहीं, हाही त्यांत एक लाभ आहे. आपल्या खात्यास वारसाचें नांव लावलें आहे कीं नाहीं हेंही पाहावें. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार जणांपर्यंत नांवें लावतां येतात. दोन वर्षें देवघेव न झालेलें खातें निष्क्रिय होतें, आणि दहा वर्षें कोणी न विचारलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधींत जाते. तेथून ती वारसांस परत मागतां येते, मात्र खातें होतें हें कोणास तरी ठाऊक असावें लागतें. ज्यांच्या घरीं वडिलांच्या पेटींत जुनीं पासबुकें पडलीं असतील त्यांनीं तीं घेऊन मंडळाच्या कार्यालयांत यावें. बँकेस द्यावयाचा अर्ज लिहून देण्याची व्यवस्था आम्हीं केली आहे, आणि त्यासाठीं कोणतीही फी नाहीं.